उन्हाचं वेळापत्रक

लखनौचं हवामान केंद्र अमौसीला, विमानतळाच्या बाजूला आहे. जानकीपुरम शहराच्या अगदी उलट टोकाला, उत्तरेत, सीतापूर रस्त्याला लागून. मे महिन्यात संध्याकाळच्या बातम्यांत ‘लखनौ ४४ अंश’ म्हणून सांगतात तो आकडा हवामान खात्याच्या पांढऱ्या लाकडी पेटीतला असतो. पेटी जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, चारी बाजूंनी झडपांची, आत थर्मामीटर. उन्हाची तिरीप आत शिरू नये, वारा मात्र आरपार जावा, अशी तिची बांधणी. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या, दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरची ही करामत. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील. म्हणजे ४४ अंश हा सावलीतला, मोकळ्या हवेतला आकडा आहे. त्या पेटीत राहायला मिळालं असतं तर निम्म्या जानकीपुरमने आनंदाने बिऱ्हाड हलवलं असतं.

जानकीपुरम ही लखनौ विकास प्राधिकरणाने वसवलेली वसाहत. आधी सेक्टर पाडले, मग जागा पुरेना म्हणून पुढे ‘जानकीपुरम विस्तार’. पुणेकराला कळेल असं सांगायचं तर एकेकाळचं कोथरूड: पेन्शनरांची घरं, नोकरदारांचे दुमजली बंगले, खोल्या भाड्याने घेऊन राहणारे विद्यार्थी (लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर इथेच आहे), आणि जिकडेतिकडे चालू असलेलं बांधकाम. एका प्लॉटवर घर, शेजारच्यावर विटांचा ढीग, त्यापलीकडे नुसते कॉलम आणि वर आलेल्या सळया.

त्या सळयांकडे दुपारी दोनच्या सुमाराला जरा निरखून बघा. बांधणारा मिस्त्री हाताला चिंधी गुंडाळून काम करत असतो, कारण सळई उघड्या हाताने धरवत नाही. डोक्यावर ओला गमछा. तो दहा मिनिटांत वाळतो. पाण्याची टाकी काळ्या प्लास्टिकची आणि उन्हात, त्यामुळे नळाला चहाइतकं कडक पाणी. वाळू वाहणारी बाई घमेलं डोक्यावर घेण्याआधी खाली चुंबळ ठेवते, ती वजनासाठी असते तितकीच चटक्यासाठीही. पेटीतले ४४ अंश या बाईच्या डोक्यावर किती होतात, हे मोजायला तिथे कुणी थर्मामीटर लावलेला नाही.

या वस्तीची एक गंमत आहे. विस्ताराच्या सेक्टर १० मध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्था आहे. १९५१ साली ती छत्तर मंझिल या नवाबी महालात सुरू झाली आणि अलीकडे इथे हलली. मलेरियावरचं आर्टीथर याच संस्थेचं, ‘सहेली’ ही संततिनियमनाची गोळीही याच संस्थेची. एवढी मोठी औषधशाळा दाराशी आहे, पण उन्हावर गोळी नाही. असं नुसतं चमकदार बोलण्यासाठी म्हणत नाही. ते अक्षरशः खरं आहे. तापात आपला मेंदूच शरीराची उष्णता वाढवून ठेवतो, म्हणून पॅरासिटामॉल घेतली की तो ती खाली आणतो. उष्माघातात मेंदूने काहीच ठरवलेलं नसतं. शरीरात उष्णता येते ती बाहेर पडत नाही, इतकंच. तिथे क्रोसिन देऊन उपयोग शून्य, आणि वाट बघण्यात जीव जातो.

एवढ्या उन्हात माणसाला थंड ठेवणारं यंत्र एकच, घाम. लिटरभर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण ‘वाळताना’ हा शब्द महत्त्वाचा. निथळून जमिनीवर पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही. मेमध्ये लखनौत लू वाहते, हवा कोरडी असते, घाम लगेच वाळतो. जूनअखेर पूर्वेचं दमट वारं आलं की तिथले लोक ‘उमस’ म्हणतात ती सुरू होते. तापमान उतरतं आणि हाल वाढतात. हे मोजायला ओल्या फडक्याचं तापमान घेतात: थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा साधारण २४ येतो. हवा ३६ अंशच, पण आर्द्रता ७० टक्के, तर तो ३१ च्या आसपास जातो. म्हणूनच मेमध्ये झकास गारवा देणारा कूलर जुलैत नुसता फसफसतो. ओल्या फडक्याच्या या मापात ३५ ही सहनशक्तीची टोकाची मर्यादा असं २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेबाने मांडलं होतं. पुढे अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात धडधाकट तरुणांवर प्रयोग केले तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्याच जवळ निघाली, आणि कोरड्या, कडक हवेत त्याहूनही खाली. तेव्हा ४५ ला कोरडं आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. आणि हे सगळं तरुणांचं. सत्तरीच्या माणसाला घामही कमी येतो आणि तहानही उशिरा लागते.

पण शरीराचं हे गणित कळलं तरी माणसं का मरतात याचं उत्तर मिळत नाही. ऊन सगळ्यांवर पडतं. मरतं कोण?

३० जून १८५७. लखनौच्या पूर्वेला चिनहट नावाचं गाव होतं. आज ते शहरातच आहे. बंडवाले तिथवर आल्याची खबर लागल्यावर इंग्रजांचा लखनौतला प्रमुख सर हेन्री लॉरेन्स सहाएकशे शिपाई घेऊन निघाला. पहाटे निघायचं ठरलं होतं, निघेपर्यंत ऊन वर आलं. शिपायांच्या पोटात काही नव्हतं. पाणी वाहणारे भिस्ती वाटेतच पांगले. बत्तिसाव्या पलटणीचे गोरे शिपाई गोळी लागण्याआधीच उन्हाने आणि तहानेने आडवे पडू लागले. लढाई हरली, इंग्रजांच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. त्या वेढ्यात बायकामुलांनी आसरा घेतला तो रेसिडेन्सीच्या तळघरात, तहखान्यात. आणि तो तहखाना मुळात कशासाठी होता? उन्हाळ्यात दुपारी खाली जाऊन बसता यावं म्हणून. म्हणजे ऊन काय करतं हे त्या साहेबांना पुरतं ठाऊक होतं. स्वतःच्या घराखाली त्यांनी गार खोल्या बांधल्या होत्या. कूच करायची वेळ मात्र चुकली.

आता एकदम १ जून २०२४ ला या. लोकसभा निवडणुकीचा सातवा आणि शेवटचा टप्पा. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात मतदान होतं. त्या टप्प्यात राज्यात ३३ मतदान कर्मचारी उष्णतेने दगावले, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितलं. होमगार्ड, सफाई कर्मचारी, केंद्रावर नेमलेले लोक. त्यांतल्या कुणीही ‘आज जरा उन्हात जाऊन येतो’ म्हणून घर सोडलं नव्हतं. ड्यूटी लागली होती. तारीख मार्चमध्येच जाहीर झाली होती आणि ती ऐन उन्हाळ्यात येते हे कुठल्याही कॅलेंडरात दिसत होतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण. १६ एप्रिल २०२३, रविवार, खारघर. महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा, मोकळं मैदान, लाखोंचा जनसमुदाय, भर दुपारपर्यंत चाललेला कार्यक्रम. १४ माणसं गेली. त्या दिवशी आसपासच्या केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या घरात होतं. विदर्भातला माणूस ३८ ऐकून हसेल. चंद्रपूरला तो मार्चमधला आकडा आहे. पण खारघर खाडीकाठचं, हवा दमट, माणसं तासन्‌तास एका जागी बसलेली, गर्दीतून उठून पाण्यापर्यंत जायला वाट नाही. व्यासपीठावर मांडव होता. नंतर सरकारने दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असं जाहीर केलं. खरं तर एवढं कळायला १४ माणसं जायला नको होती.

तिन्ही प्रसंगांत एक धागा आहे. मरणाऱ्याने वेळ ठरवली नव्हती. ठरवणारा दुसराच कुणी होता. उष्माघाताला पुस्तकात हवामानाचा आजार म्हणतात, मला तो वेळापत्रकाचा आजार वाटतो. शेतकरी स्वतःच्या शेतात काम करताना पहाटे जातो, अकराला परततो, चारला पुन्हा निघतो. विदर्भ-खानदेशात आणि अवधातही हे हजार वर्षांचं शहाणपण आहे. तोच माणूस शहरात मजूर म्हणून आला की ठेकेदाराच्या घड्याळावर चालतो.

साहेबाने त्यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता. १८६४ पासून हिंदुस्थान सरकार उन्हाळाभर सिमल्याला, संयुक्त प्रांताचं नैनितालला, मुंबई इलाख्याचं महाबळेश्वरला. फायलींसकट, कारकुनांसकट. वेळापत्रकच उचलून डोंगरावर नेलं. ते आपल्याला परवडणारं नाही, पण तत्त्व बरोबर होतं.

जानकीपुरमच्या त्या मिस्त्रीचं काय करता येईल? कतारने २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला बंदी घातली. केरळचं कामगार खातं दर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ विश्रांतीचा आदेश काढतं. सहा ते अकरा आणि चार ते सात अशी पाळी केली तर तास तितकेच, मजुरी तितकीच. मग अडतं कुठे? अडतं शेजाऱ्यांपाशी. सकाळी सहाला कटर सुरू झाला की गल्लीतल्या कुणाची तरी झोपमोड होते आणि तो गॅलरीत येऊन ओरडतो. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी तर नियमच करून ठेवलेत: कामाचा आवाज सकाळी नवाच्या आधी नको. दुपारी दोन ते चार वामकुक्षी, तेव्हाही नको. संध्याकाळी सहानंतर नको. उरलं काय? नऊ ते दोन आणि चार ते सहा. म्हणजे आपण आपल्या झोपेचं वेळापत्रक सांभाळून मजुराला बरोबर उन्हात उभं करतो. यात कुणी दुष्ट नाही. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मजूर नव्हता, एवढंच.

आणखी एक गोष्ट ठेकेदारांना सांगितली पाहिजे. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाचं निरीक्षण असं की कामावर उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच दिवशी होतात आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम, मग रोज थोडं वाढवत न्यायचं, अशी तिथे शिफारस आहे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. नवा पोऱ्या आला की त्याची ‘परीक्षा’ घेतात.

शाळांचंही तसंच. ऊन वाढलं की सकाळची शाळा करतात, हे चांगलंच. पण साडेबाराला शाळा सुटली की पोरं दप्तर पाठीला लावून भर उन्हात रस्त्यावर. सकाळी सहाला भरवून साडेदहाला सोडा, किंवा सरळ सुट्टी द्या. शाळेची वेळ ठरवताना ती भरते कधी हे सगळे बघतात. सुटते कधी, तेही बघायला हवं.

इथवर बाहेरच्या माणसांबद्दल झालं. घरात बसून मरणारे वेगळे, आणि त्यांचा तर पत्ताही लागत नाही.

जानकीपुरममधली बहुतेक घरं विटांची, वर सपाट काँक्रीटचा स्लॅब. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी ते खोलीत सोडतो, म्हणजे रात्री नऊ-दहा-अकराला. बाहेर जरा बरं वाटायला लागतं तेव्हा छताखाली भट्टी असते. संध्याकाळी लोक गच्चीवर पाणी मारतात; पहिल्या दोन बादल्यांचं पाणी चर्र आवाज करत उडून जातं आणि तापलेल्या सिमेंटचा वास येतो. पूर्वी त्याच गच्चीवर खाटा टाकून झोपत. आता डास, चोरांची भीती, आणि शेजारच्या एसीचं गरम वारं थेट अंगावर. दिवसा कमाल तापमान ४० च्या वर असताना रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून चढं राहिलं की हवामान खातं त्याला ‘उष्ण रात्र’ म्हणतं. शरीर दिवसाची झीज रात्री भरून काढतं. तशा चार रात्री लागोपाठ आल्या की म्हाताऱ्या माणसाचं हृदय थकतं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिलं जातं. ऊन कुठेच लिहिलं जात नाही.

म्हणून उन्हाचे बळी वेगळ्या पद्धतीने मोजावे लागतात. त्या महिन्यात एरवी किती माणसं मरतात आणि यंदा किती मेली, यांतला फरक काढायचा. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला. नंतर संशोधकांनी नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की त्या महिन्यात ४,४६२ मृत्यू झाले होते. आधीच्या-नंतरच्या वर्षांची सरासरी ३,११८. म्हणजे १,३४४ माणसं जास्त. २१ मे या एका दिवसात ३१०, एरवीच्या तिप्पट. आणि त्या वेळी शहराला हे कळलंही नव्हतं. १९९५ च्या जुलैत शिकागोत असंच ७३९ चं अंतर निघालं. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला आढळलं की मेलेल्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते आणि सारख्याच गरीब दोन वस्त्यांपैकी जिथे रस्त्यावर दुकानं, वर्दळ, ओळखीपाळखी होत्या तिथे माणसं कमी गेली. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सने सुमारे १५,००० माणसं गमावली. तरुण पोरं सुट्टीवर गेली होती, म्हातारे शहरात मागे राहिले होते.

जानकीपुरममधली मुलं बंगळुरूला, नोएडाला. कोथरूडची न्यू जर्सीला. फोन रोज येतो. पण फोनवर ‘ठीक आहे रे’ म्हणणाऱ्या आईची खोली किती तापलीय ते ऐकू येत नाही. तिला कूलर चालवायचा नसतो, कारण बिल. पाणी कमी प्यायचं असतं, कारण रात्री उठावं लागतं. लघवीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, ते तिला कुणी सांगितलेलं नसतं; डॉक्टरांना उन्हाळ्याआधी एकदा विचारायचं असतं, ते राहून जातं. दुपारी तीनला शेजारणीने बेल वाजवून ‘काकू, ताक घेता का?’ विचारणं, हे काम फोन करू शकत नाही.

अहमदाबादेने त्या १,३४४ माणसांपासून धडा घेतला, हे मान्य केलं पाहिजे. २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेला आणि इतरांना बरोबर घेऊन उष्णता कृती आराखडा केला; दक्षिण आशियातला पहिला. त्यातल्या तांत्रिक गोष्टींपेक्षा मला भावलं ते आराखड्याच्याही आधी झालेलं एक छोटं काम. एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, स्लॅबखाली. नवजात बाळं उष्णतेने आजारी पडून अतिदक्षता विभागात यायची. वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला. पुढे अभ्यास झाला तेव्हा उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण ६४ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. खर्च कॉटा जिन्याने उतरवण्याचा. नागपूरनेही २०१६ च्या सुमाराला असा आराखडा केला, आणि आज देशातल्या अनेक शहरांकडे तो आहे. उत्तर प्रदेशाने लूला राज्याची आपत्ती म्हणून मान्यता दिली आहे. मृत्यू झाला तर कुटुंबाला चार लाख रुपये मिळतात. मात्र मृत्यू उन्हाने झाला हे कागदावर यावं लागतं, आणि कागदावर ‘हृदयविकार’ असतो, हे वर आलंच आहे.

लखनौपाशी आराखड्याच्या कितीतरी आधीपासून एक गोष्ट आहे, ती म्हणजे बडा मंगल. ज्येष्ठातल्या प्रत्येक मंगळवारी शहरभर रस्त्यांवर मांडव पडतात. पाणी, सरबत, पुरी-भाजी, बुंदी, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही. तिकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून त्यांचा ज्येष्ठ आपल्या वैशाख वद्यातच लागतो, अगदी ऐन तापात. या प्रथेचं मूळ अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराशी जोडलं जातं, आणि अलीगंज जानकीपुरमला लागूनच आहे. त्या मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर आहे. नवाबाच्या घराण्यातल्या बेगमेने ते बांधलं असं सांगतात. हिंदू-मुसलमान दोघंही मांडव घालतात. उन्हाळ्यातल्या सार्वजनिक आरोग्याचा याहून मोठा, बिनसरकारी कार्यक्रम मला दुसरा माहीत नाही. तळलेल्या पुऱ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. रिक्षावाला, मजूर, कुरियरवाला थांबतो, सावलीत बसतो, दोन ग्लास गोड पाणी पितो. त्यातली पाच मिनिटांची सावली ही सरबताइतकीच कामाची.

अडचण इतकीच की ऊन बुधवारीही असतं. मांडवाचे बांबू, टाक्या, ग्लास, स्वयंसेवक, सगळं मंगळवारी हजर असतं आणि बुधवारी गुंडाळलेलं. त्याच मंडळांनी मजूर उभे राहतात त्या चौकांत एकेक पाणपोई जूनअखेरपर्यंत चालवली, आणि तिथे कपाट ठेवून त्यात मीठ-साखर, फडकी आणि बर्फाची पेटी ठेवली, तर महापालिकेच्या कुठल्याही योजनेपेक्षा ते लवकर उभं राहील. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढंच लागतं.

पावसाबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि पाऊस एकदम कोसळतो. १६ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे लखनौच्या दिलकुशा भागात मुसळधार पावसात एक भिंत पडली आणि तिच्या आडोशाला झोपड्या करून राहणारे नऊ जण ठार झाले. त्या दिवशी शाळा बंद ठेवल्या गेल्या; मजुरांच्या झोपड्यांपाशी कुणी गेलं नव्हतं. ३१ जुलै २०२४ ला पाणी खुद्द विधान भवनात शिरलं, तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. पण इथेही झोपडी कुठे टाकायची, हे झोपणाऱ्याने ठरवलेलं नव्हतं.

आता एक काम असं, जे वाचल्यावर विसरू नये. उन्हात काम करणारा माणूस बडबडायला लागला, अडखळायला लागला, विचारलेल्याला भलतंच उत्तर देऊ लागला, तर तो दारू प्यायलेला आहे असं समजू नका. तो उष्माघात आहे असं धरून चाला. अंगाला घाम असला तरी. आधी गार करा, मग हलवा. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, बादल्यांनी पाणी ओता, वारा घाला, मानेशी, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुणीतरी १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. तो रस्त्याच्या कडेला, बादली हातात असलेल्या माणसाचा असतो, डॉक्टरचा नव्हे.

वेळ ठरवणारे म्हणजे कलेक्टर, निवडणूक आयोग, ठेकेदार, असं वाटत असेल तर घरातली लग्नपत्रिका काढून बघा. मे महिना, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. पाहुणे एसी हॉलमध्ये. बाहेर रस्त्यावर वरात, आणि तिच्यापुढे जाड कापडाचा, जरीच्या गळपट्ट्यांचा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, तुतारी फुंकणारा बँडवाला. मागे भट्टीशी आचारी. फाटकाशी गाड्या लावून देणारा पोरगा. गुरुजींकडे गोरज मुहूर्तही असतो. मागितला की मिळतो. पत्रिका छापायला टाकण्याआधी तेवढं विचारा, आणि बँडवाल्याला सांगा, कोट नको, सदऱ्यावर वाजव.